छोट्या गाडीतला गारवा आणि उचलती खाट : प्रस्तावना

या पुस्तिकेचं नाव वाचून पहिला प्रश्न कोणता येणार हे ठरलेलं आहे : आपल्याकडे कॅम्पर ट्रेलर आहेत कुठे? मोटारीमागे जोडून न्यायची, आत झोपायची आणि चहा-स्वयंपाकाची सोय असलेली चाकांवरची खोली अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरच्या अंगणात स्वतः बांधत आले. मध्य प्रदेश-महाराष्ट्र सीमेवरच्या आमच्या पांढुर्ण्याच्या बसस्टँडसमोरून तसली एखादी गेली तर पानठेल्यावरची सगळी मंडळी उठून बघायला येतील.

पण नाव बाजूला ठेवून गाडीत झोपणारी माणसं शोधायला निघा. संत्र्याचा धंदाच बघा. आंबिया बहाराची तोड ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बाग घेतलेला व्यापारी आणि त्याचा गाडीवाला यांचे मुक्काम बागेच्या धुऱ्यावर, रस्त्याकडेला, बाजाराच्या फाटकाशी गाडीतच पडतात. नागपूर-बैतूल रस्त्यावरचे ट्रकवाले तर कायमचेच. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरवेलच्या गाड्या, आषाढी वारीतल्या दिंडीचे ट्रक, तमाशाच्या फडाच्या गाड्या, जत्रा-जत्रांतून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजचे ट्रक : या सगळ्यांत माणसं आठवडेच्या आठवडे राहिली, आजही राहतात. त्यांना कुणी कॅम्पर म्हटलं नाही, एवढंच. हौसेने फिरणाऱ्यांची गोष्ट नंतरची. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे आता पुण्या-मुंबईचे लोकही चौकशी करू लागले आहेत. त्यांचं स्वागत आहे. पण ही पुस्तिका आधी आमच्याकडच्या सौसरच्या वेल्डिंगवाल्यासाठी आणि त्याच्याकडे ‘पाठीमागे झोपायचं काहीतरी करून दे’ म्हणत येणाऱ्या गाडीवाल्यासाठी लिहिलेली आहे.

गाडी कोणती, हेही आधीच सांगून टाकतो. मोटारीमागे ओढायचा ट्रेलर आपल्या रस्त्यांवर, आपल्या ढाब्यांवर, आपल्या गावच्या बोळांत फारसा उपयोगाचा नाही. आपला कॅम्पर म्हणजे पिकअप किंवा २००५ साली टाटांनी आणलेला एस, म्हणजे सगळ्यांचा ‘छोटा हाथी’. त्याचा पाठीमागचा हौदा सात फुटांच्या आसपास लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद. एवढ्या जागेत दोन माणसं झोपवायची, दिवसा तीच जागा बसायला आणि सामानाला मोकळी करायची, आणि मे महिन्यात ती माणसं भाजू द्यायची नाहीत. काम एवढंच आहे, पण सोपं नाही.

पुस्तिकेत गारव्याची प्रकरणं वेगळी आणि खाटेची वेगळी असली, तरी प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकच आहेत. माझ्या सांगण्याचा सारा भर यावर आहे. खाट उचलायची म्हणजे छताकडे न्यायची. आणि पत्र्याच्या खोलीतली सगळ्यात तापलेली जागा कोणती? छताखालचा हातभर थर. गरम हवा वर जाऊन तिथेच साचते. कापसाची गादी दिवसभर त्या थरात अडकवून ठेवली, तर रात्री दहाला खाली घेतल्यावर ती मध्यरात्रीपर्यंत अंगाला चटके देते. मग खालून कितीही गार हवा सोडा. बाजारात तयार मिळणाऱ्या नकाशांत हे कुठे सांगितलेलं नसतं, कारण ते नकाशे थंड देशातल्या माणसांनी काढलेले असतात. तिथे छताखालची ऊब हवीच असते.

आपलं ऊन कसं आहे ते आकड्यांत पाहू. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पांढुर्णा तिथून रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आत. हा भाग कर्कवृत्ताच्या थोडा खाली असल्यामुळे मेच्या अखेरच्या दिवसांत, म्हणजे ऐन नवतप्यात, दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे ऊन भिंतींवर नाही, सरळ छतावर पडतं. छोट्या हाथीचं छत सव्वातीन चौरस मीटर धरलं तर भर दुपारी त्यावर पडणारं ऊन तीन किलोवॅटच्या जवळ जातं. ते सगळं आत येत नाही, काही परावर्तित होतं, काही वारा घेऊन जातो. तरी तुलनेसाठी लक्षात ठेवा : एक टनाचा एसी आतली उष्णता बाहेर टाकतो ती साडेतीन किलोवॅटच्या वेगाने. झोपलेल्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता ७०-८० वॅट, म्हणजे दोघांची मिळून दीडशे. शत्रू कोण हे यावरून कळतं. मशीन विकत घेण्याआधी छत पांढरं करा, त्यावर चार बोटं अंतर ठेवून दुसरा पत्रा किंवा ताडपत्री ताणा, मधून वारा खेळू द्या, आणि आतून ५० मिलिमीटरचा पफ किंवा थर्माकोल लावा. एवढं केलेल्या गाडीत छतातून झिरपणारी उष्णता दोन माणसांच्या अंगाच्या उष्णतेपेक्षाही कमी ठेवता येते. हे काम दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतं. वेल्डिंगवाल्यांनी इथे खमकं राहावं.

आता मशीन. विदर्भात आणि आमच्या या सीमेवरच्या पट्ट्यात होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली येतो आणि मृग बरसेपर्यंत तो घरातला कर्ता असतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, पत्र्याची टाकी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्या, पंखा आणि पंप. हे यंत्र गावोगावी वेल्डिंगच्या दुकानात बनतं, गावोगावी दुरुस्त होतं. यासाठी कुठल्या कंपनीची, कुठल्या परवान्याची वाट बघावी लागत नाही. घरी बनवायच्या गारव्याची विद्या आपल्याकडे आहेच, फक्त ती गाडीवर चढवायची आहे.

ती विद्या चालते कशावर? तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली कूलर कधीच जाऊ शकत नाही. बाहेर ४४ अंश आणि हवेतला दमटपणा १५ टक्के असेल, तर हा थांबा साधारण २३ अंशांवर येतो. चांगल्या ताट्या त्या वाटेचा पाऊण-एक भाग गाठतात, म्हणजे आत २८ अंशांची हवा मिळते. मे महिन्यात याहून जास्त मागणं हा हावरटपणा आहे. पण जुलैत बाहेर ३० अंश आणि दमटपणा ८५ टक्के झाला, की हाच कूलर जेमतेम दोन अंश उतरवतो आणि वर अंथरूण ओलसर करतो. तेव्हा तो बंद ठेवून नुसता पंखा लावावा. श्रावणात नागद्वारीसाठी पचमढीला जाणाऱ्यांनी तर कूलर घरीच काढून ठेवावा. तिथे गळणारं छत हाच एकमेव प्रश्न असतो.

पाण्यात किती ताकद आहे याचा अंदाज बहुतेकांना नसतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, तेवढी शोषायला सात किलो बर्फ वितळावा लागतो. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, वर छोटा पंखा, झाला घरगुती एसी : हा प्रयोग दर उन्हाळ्यात कुणीतरी नव्याने शोधून काढतो. हिशेब करा. दहा किलोची लादी वितळून तिचं पाणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जो गारवा मिळतो, तो एक टनाच्या एसीने वीस मिनिटांत दिला असता. मुळात एसीचा ‘टन’ आला तोच बर्फातून. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी त्याची क्षमता. त्यामुळे पेटीतला बर्फ पाणी पिण्यासाठी ठेवा. गाडी गार करायला तो पुरत नाही.

घरचा कूलर जसाच्या तसा गाडीवर चढवणं ही दुसरी नेहमीची चूक. घरचा कूलर मोठी खोली आणि ओसरी गृहीत धरून बनवलेला असतो. छोट्या हाथीच्या खोलीतली हवा फक्त सहा घनमीटर. तिला तासाला ३०० घनमीटर हवा फेकणारा पंखा रगड झाला; तेवढ्यातही आतली हवा तासात पन्नास वेळा बदलते. अशा कूलरला भर दुपारी तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा एक वीस लिटरचा जार आठ-नऊ तास पुरतो. पंखा आणि पंप १२ व्होल्टचे घेतले तर दोन्ही मिळून ४० वॅटमध्ये भागतं, आणि १०० अँपिअर-तासांची एक साधी बॅटरी अर्धीच वापरायची असं ठरवूनही रात्र निघते. उलट अर्ध्या टनाचा एसी चालवायचा, तर चालताना तो पाचशे वॅटच्या पुढे ओढणार, आणि अर्धा वेळ बंद राहिला असं धरलं तरी रात्रीला तशा चार बॅटऱ्या लागणार. त्यांचंच वजन शंभर किलोच्या वर जातं. एसी चालवायला रात्रभर इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवून बंद गाडीत झोपणं हा मात्र हिशेबाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही आणि झोपेतून उठू देत नाही. पुस्तिकेत हे वाक्य प्रत्येक प्रकरणात पुन्हा आलेलं दिसेल. कंटाळा आला तरी वाचा.

१२ व्होल्टचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी नवी राहिलेली नाही. लोखंडी अंग, खाली ओल, अनवाणी पाय आणि २३० व्होल्टची उघडी वायर. गाडीला तर अर्थिंगही नसतं, टायरवर उभी. बॅटरीवर चालणाऱ्या कूलरमुळे हा धोका मुळातूनच जातो. टाकीचंही एक पथ्य आहे : आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवायची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि गाडीबरोबर तो दुसऱ्या जिल्ह्यातही पोचतो. चालत्या गाडीत पाणी हिंदकळतं, म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या टाकाव्यात आणि वरचं तोंड झाकावं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार; ताट्या पांढऱ्या पडून कडक झाल्या की वारा अडतो, तेव्हा हंगामात एकदा तरी बदलायच्याच.

गाडीवरचा कूलर ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक मोटारीच्या खिडकीला नळकांड्यासारखा एक डबा अडकवत. आत पाणी आणि ओली ताटी. गाडी धावली की समोरचा वारा त्यातून आत येई. पंख्याचीही गरज नव्हती. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी बनवलेलं वातानुकूलन यंत्र मोटारीत शिरायला पुढे बरीच वर्षं लागली. आपल्याकडे ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्याचा नियम आत्ता आत्ता आला : ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जड मालवाहू गाड्यांना तो लागू आहे. त्यासाठी नेट लावणारे मंत्री नागपूरचे खासदार, हा योगायोग नसावा; ज्याने नागपूरचा मे पाहिला त्याला केबिनमधल्या ड्रायव्हरची दया येणारच. पण छोटा हाथी या नियमात बसत नाही, आणि केबिनचा एसी इंजिनावर चालतो. गाडी उभी करून झोपणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

आता खाट. उचलती खाट आपण सगळ्यांनी वापरलेली आहे : रेल्वेच्या स्लीपर डब्यातला मधला बर्थ. दिवसा पाठ टेकायची फळी, रात्री साखळीला अडकवलेलं अंथरूण. ती रात्री दहा ते सकाळी सहाच उघडायची हा नियम आणि त्यावरून होणारी भांडणं धरून ती कल्पना उत्तम आहे. गाडीतही भिंतीला बिजागरीने जोडलेली आणि दोन साखळ्यांनी तोललेली खाट एकट्या माणसासाठी पुरेशी आहे. ज्याला एवढ्यात भागतं त्याने पुढचं वाचू नये.

दोघांसाठी अख्खी खाट सरळ वर न्यायची असेल तर चार कोपऱ्यांना चार पट्टे बांधून ते चारही एकाच आडव्या पाईपवर गुंडाळावे लागतात. दुकानाचं शटर ज्या पाईपवर गुंडाळलं जातं त्याच जातीचं हे काम, म्हणून शटर बसवणारा कारागीर यात वेल्डरपेक्षाही सरस ठरतो. चारही पट्टे एका पाईपवर असले की खाट तिरकी होत नाही. चार वेगळ्या पुल्या आणि चार वेगळे दोर लावले की ती हमखास एका कोपऱ्यात अडकते. फिरवायला हँडलची विंच पुरे, पण ती वर्म गिअरची घ्या. ती हात सोडला तरी उलटी फिरत नाही. बॉक्स-पलंगाला असतात तसले गॅसचे दांडे लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ते नागपूरच्या बाजारात सहज मिळतात. ते वजन तोलतात, धरून ठेवत नाहीत. आणि तापत्या पत्र्याखाली वर्ष-दोन वर्षांत त्यांचा जोर उतरतो. वर नेलेली खाट त्यांच्या भरवशावर ठेवून खाली मूल झोपवू नका.

या साऱ्यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. खाट उचलताना ती रिकामी असते आणि झोपताना तिच्यावर दीडशे किलो असतात. हे दोन भार एकाच पट्ट्यावर टाकणं हा मूर्खपणा. झोपायच्या उंचीवर गाडीच्या उभ्या खांबांना अँगलचे चार मजबूत कान बोल्टने बसवायचे, खाट त्यांवर टेकवायची आणि पट्टे सैल सोडायचे. वर नेल्यावरही तसंच : पट्ट्यांवर लटकत न ठेवता चार खिळ्या आत सारायच्या. मग विंचला फक्त रिकामी खाट उचलायची राहते, आणि पट्टा झिजला तरी माणूस खाली येत नाही.

रिकामी खाट हलकी हवी, तर प्लायवूड विसरा. सहा बाय चार फुटांचं १८ मिलिमीटरचं प्लायच पंचवीस किलोच्या वर भरतं. त्याऐवजी एक इंची चौकोनी पाईपची चौकट करून तिच्यावर नवार विणा. सगळं मिळून बारा किलोच्या आसपास बसतं. आणि नवारीचा खरा फायदा पुढे आहे. प्लाय हवा अडवतं. कूलरची हवा खाटेखाली सोडली तर ती खालच्या खालीच फिरून निघून जाते. नवारीतून तीच हवा पाठीला लागते. आजोबांची बाज उन्हाळ्यात अंगणात का टाकली जाई, ते इथे कळतं. जाड गादीऐवजी गोधडी घ्या, दिवसा ती गुंडाळून खाली ठेवा, छताखाली नको. कूलर खाटेच्या पातळीवर, आणि हवा बाहेर जायची खिडकी समोरच्या बाजूला, छताला लागून. ही खिडकी छोट्या कूलरला सुद्धा निदान एक चौरस फूट उघडी लागते; ती बंद ठेवली तर कूलर दमट कोंडवाडा बनवतो. एसी असेल तर नेमकं उलटं, सगळं गच्च बंद. म्हणून सुरुवातीलाच एक काय ते ठरवावं लागतं. ‘आत्ता कूलर, पुढे एसी’ असं ज्यांना करायचं आहे त्यांनी खिडकीला रबराची पट्टी असलेलं घट्ट झाकण बसवून ठेवावं.

कायद्याचं प्रकरण पुस्तिकेत छोटं आहे, पण ते शेवटी वाचायचं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ बांधणीत मालकाला आपल्या मर्जीने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक ठणकावून सांगितलं. मोटर कॅराव्हॅन हा नोंदणीतला वेगळा वर्ग आहे, त्याला वेगळी मान्यता लागते. चासी कापणं, हौदा लांबवणं, असले उद्योग या पुस्तिकेत नाहीत ते म्हणूनच. मालवाहू गाडीच्या मागच्या खोलीत गाडी चालू असताना माणूस बसवणंही बेकायदा आहे. इथे सांगितलेली खोली उभ्या गाडीत झोपण्यासाठी आहे. पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाला. सौसर त्यातच आलं. कागदपत्रांसाठी आता कुठल्या कार्यालयात जायचं हे आधी विचारून घ्या, आणि गाडी महाराष्ट्रात पासिंग झालेली असेल तर तिकडे.

पत्र्याला हात लावण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या आणि रिकामं वजन लिहून ठेवा. काम संपल्यावर पाणी, बॅटरी, खाट, सामान भरून पुन्हा न्या. पहिला उन्हाळा छताची सावली, नवारीची खाट आणि वीस लिटरच्या कूलरवर काढा. एसीचे पैसे खर्च करायचे की नाही, ते पोळ्यानंतर ठरवा.